तीनशे अकराची उलट मोजणी

जाधवभाऊ कुठलीही गोष्ट एकदाच मोजत नसत. महाडच्या कचेरीचा जिना चढताना पायऱ्या मोजायचे आणि उतरताना पुन्हा मोजायचे. त्याच पायऱ्या, इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही न वाढलेल्या. बाजारात काकड्या घेतल्या तर एकदा पिशवीत टाकताना मोजायच्या आणि घरी पिशवीतून सुपात काढताना. पोलादपूरच्या नाक्यावरची भाजीवाली त्यांना एकदा म्हणाली, "भाऊ, बायको पन अशीच दोनदा मोजून आनलीत काय?"

भाऊ विचारात पडले. थट्टेलासुद्धा ते खरं उत्तर शोधायचे.

"तिनं मला मोजलंन," ते म्हणाले. "एकदाच. तिथं ती फसली."

भाऊ सरकारी भूमापक होते आणि मी त्यांच्या हाताखाली साखळी ओढणारा रोजंदारीचा मजूर. जिंतूरकडचा माणूस मी. सातवीत शाळा सुटली, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गाव सुटलं, आणि रस्त्याच्या कामाच्या मागं मागं येत पोलादपूरला पोचलो. इथल्या डोंगरांची मला भीती वाटायची. आमच्याकडं नजर टाकली की ती जाते. इथं टाकली की अडते. भीती मला सगळ्याचीच वाटायची म्हणा. उद्या काम असेल का, साहेब रागावला तर काय, ही दोन वाक्यं पोटात घेऊनच मी उठायचो.

साखळीची एक रीत असते. शेताची बाजू मोजायची ती जाताना एकानं, ही जातीची मोजणी; आणि येताना दुसऱ्यानं, ही येतीची, म्हणजे उलट मोजणी. येणाऱ्याला जाणाऱ्याचा आकडा सांगायचा नाही. दोन्ही जुळले तर लिहायचं. पुष्कळ जण जातीची मोजणी करायचे आणि येतीचा आकडा आंब्याखाली बसून भरायचे. भाऊ कधीच नाही. एकदा खालच्या खोऱ्यात दळवी म्हणून मोठ्या खातेदाराच्या बांधाचं भांडण होतं. ऊन मी म्हणत होतं. जातीची आणि येतीची मोजणी झाली आणि दोन कड्यांचा फरक पडला. भाऊंनी साखळी पुन्हा टाकायला सांगितली.

"जाधवा," दळवी सावलीतून ओरडले, "सारखं मोजून जमीन वाढनार हाय काय रे?"

"वाढली तर लिवीन," भाऊ म्हणाले.

भाऊ कुणाच्या अंगणात पाणी मागत नसत. फिरकीचा तांब्या घरून यायचा, तो संपला की ओढा. का, ते मी पहिल्या वर्षी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी विचारायची गरज उरली नाही. त्या दिवशीही तांब्या संपला आणि आम्ही तिसऱ्यांदा मोजलं. हद्द दळव्यांच्याच फायद्यात पाच हात सरकली. दुसऱ्या दिवशी दळव्यांचा गडी वालाच्या शेंगांची पाटी घेऊन भाऊंच्या दारात.

"परत ने," भाऊ म्हणाले. "त्यांना सांग, मी दिलं नाय. मोजलं."

ही सगळी त्यांच्या पोटापाण्याची मोजणी झाली. खरी मोजणी पावसाळ्यात चालायची.

पावसाळ्यात शेतात साखळी टाकता येत नाही. कचेरीत नकाशे काढायचे, आणि माझ्यासारख्यानं घरी जायचं. मला जाण्यासारखं घर नव्हतं. भाऊ म्हणाले, "पडवी मोकळी हाय." पोलादपूरच्या अलीकडच्या बौद्धवाडीतलं त्यांचं घर, दोन खोल्या आणि पुढं पडवी. वहिनी नाचणीची भाकरी करायच्या. मी खायचो, पण ती घशातून उतरताना माझं तोंड कसं होतं ते त्यांनी पाहिलं असावं. एका आठवड्यात महाडच्या बाजारातून ज्वारी आली. "थापता येत नाय मला ही," वहिनी म्हणाल्या, "फाटली तर बोलू नको." फाटली होती. मी शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं.

भाऊंनी माझ्यात काय पाहिलं, तर पाढे. आमच्या गावच्या गुरुजींनी छडीखाली तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी सगळं घोटून घेतलं होतं. साखळीच्या कड्या मोजताना मी ते पुटपुटायचो. एक दिवस चालता चालता मागून आवाज आला, "एकोणतीस सत्ते?"

"दोनशे तीन."

"सतरा तेरे?"

"दोनशे एकवीस."

त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून एक पुस्तक काढलं. तरुणपणी ते मुंबईला कॉलेजात दोन वर्षं शिकले होते. वडील वारले म्हणून परत आले. निघताना त्यांच्या प्राध्यापकांनी ते दिलं होतं. इंग्रजी, पाठीवर दोरा उसवलेलं. त्यात काय होतं ते मला समजलं तेवढंच सांगतो.

अपूर्णांकांची एक माळ आहे. एक षष्ठांश, एक तीसांश, एक बेचाळीसांश, अशी सुरू होते. सुरुवातीला साधी, पुढं पुढं राक्षसासारखी. दहाव्या घरातला अपूर्णांक म्हणजे अंश एक लाख चौऱ्याहत्तर हजार सहाशे अकरा आणि छेद तीनशे तीस. भाऊंनी तो अंश पाटीवर लिहिला आणि म्हणाले, "दोनशे त्र्याऐंशीनं भाग दे."

मी दिला. सहाशे सतरा आले, बाकी शून्य.

"बघ," भाऊ म्हणाले. "दोनशे त्र्याऐंशी नाठाळ."

पुस्तकातला शब्द 'अनियमित' असा काहीतरी होता. भाऊ नाठाळ म्हणायचे. प्रत्येक मूळ संख्येची माळेत एक हद्द असते: संख्येतून तीन वजा करायचे आणि निम्मे करायचे, तितकी घरं. त्या हद्दीतल्या एखाद्या अंशाला तिनं पुरा भाग गेला की ती नाठाळ. एकालाही नाही गेला तर सरळ. तीनशे वर्षांपूर्वीचं एक मोठं कोडं होतं, ते सरळ संख्यांपुरतं एका जर्मन माणसानं सोडवलं. नाठाळांपाशी त्याची युक्ती अडली. ते कोडं अजून सुटलेलं नाही, असं भाऊ तेव्हा सांगायचे.

पण भाऊंना कोड्यात रस नव्हता. त्यांना शेजार पाहायचा होता. नाठाळ संख्या अधूनमधून येते. सदतीस, मग एकोणसाठ, मग सदुसष्ट, मध्ये सरळ संख्या. एकशे एक आणि एकशे तीन मात्र शेजारी शेजारी, दोघीही नाठाळ. पुढं दोनशे सत्तावन्न आणि दोनशे त्रेसष्ट. दोनाच्या वर ओळ गेलेली नव्हती. भाऊ एकेक पावसाळा घालवून एकेक मूळ संख्या हातानं तपासत इथवर आले होते. "ज्याला लोक नाठाळ म्हनतात," ते म्हणायचे, "त्याच्या शेजारी कोन राहतो, ते बगावं. एकटा दिसतो तो. असतो असं नाय."

प्राध्यापकांना ते वर्षाला एक अंतर्देशीय पत्र लिहीत. त्यांनी एकदा उलट कळवलं होतं, की परदेशात यंत्रांनी हजारोंपर्यंत यादी केलेली आहे, पाठवू का? भाऊंनी नको म्हणून लिहिलं.

मी विचारलं, "यंत्रानं केलंय तर आपुन काहून करायचं?"

"हिमालय कुनीतरी मोजलाय," भाऊ म्हणाले, "म्हनून दळव्याचा बांध मोजायचा नाय काय?"

दोनशे त्र्याऐंशी पाटीवर सुटली, तशा बाकीच्या सुटत नाहीत. अंश इतके मोठे होतात की कागदावर मावत नाहीत. मग अंश सोडून द्यायचा आणि फक्त बाकी धरायची, घड्याळासारखी. तीनशे अकरासाठी तीनशे अकरा तासांचं घड्याळ. प्रत्येक नवं घर मागच्या सगळ्या घरांवरून काढायचं. शंभरावं घर काढायला शंभराच्या आसपास गुणाकार. आणि एका घरात चूक झाली की पुढचं सगळं नासलं, कारण पुढचं सगळं मागच्यावरच उभं. शून्य आलं की संख्या नाठाळ ठरली, थांबायचं.

म्हणून दोन वह्या. माझ्याआधी भाऊ दोन्ही स्वतःच करायचे. "पन आपलीच उलट मोजनी आपनच केली," ते म्हणाले, "की पाय जुन्याच खड्ड्यात पडतो." आता दुसरी वही माझी. जुन्या नकाशांच्या पाठकोऱ्या बाजू कापून वहिनींनी दाभणानं शिवलेली.

पडवीत आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. भाऊ रस्त्याकडं तोंड करून, मी भिंतीकडं. बोलायचं नाही. ज्याला शून्य मिळेल त्यानं फक्त "थांबलो" म्हणायचं, कितव्या घरात ते सांगायचं नाही. दुसऱ्यानं आपल्या चालीनं यायचं. तोही थांबला की दोघांनी वळायचं आणि वह्या उघडायच्या. भाऊंच्या पाठीची ऊब मला कपड्यातून लागायची. घर सोडल्यापासून माझ्या पाठीशी कुणी बसलं नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यात दोन संख्या झाल्या. दोनशे त्र्याण्णव अठ्ठ्याहत्तराव्या घरात नाठाळ निघाली, तीनशे सात चव्वेचाळिसाव्या घरात. दोन्ही वेळा वह्या जुळल्या. दोनशे त्र्याऐंशी धरून लागोपाठ तीन. भाऊ उठून अंगणात गेले, आणि अंगणाची लांबी पावलांनी मोजून परत आले.

दुसऱ्या पावसाळ्यात तीनशे अकरा घेतली. तिची हद्द एकशे चोपन्न घरांची.

त्याच वर्षी भाऊंच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. भाऊ घरी येऊन वहिनींना म्हणाले, "चारी बाजूंनी अतिक्रमण हाय. मधलं शेत अजून आपलं हाय." वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. त्यानंतर भाऊंचा हात वहीवरून लवकर चालू लागला.

नवरात्राच्या सुमारास एका सकाळी माझ्या पाठीमागून आवाज आला, "थांबलो."

मी तेव्हा अठ्ठ्याण्णवाव्या घरात होतो.

भाऊंनी मला कधी घाई केली नाही, हे मी शपथेवर सांगतो. ते रोज येऊन तसेच पाठ लावून बसायचे आणि नुसते बसून राहायचे. पेन्सिलीला टोक करायचे. पण त्या नुसत्या बसण्याचं माझ्यावर ओझं झालं. मला कायम करून घ्यावं म्हणून त्यांनी कचेरीत लिहिलं होतं. मला वाटायला लागलं, मी मागं पडलो तर हा माणूस म्हणेल, हे पोरगं कामाचं नाही; आणि तो कागद फाडून टाकेल. असं काही नव्हतं. भीतीला कारण लागत नाही.

भाऊ डोळ्यांसाठी महाडला गेले त्या दिवशी मी नकाशाच्या गुंडाळ्याखालून त्यांची वही काढली. अठ्ठ्याऐंशीव्या घरापर्यंत दोन्ही वह्या बरोबर चालल्या होत्या. एकोणनव्वदाव्यात माझं वेगळं होतं. मी क्षणभरही विचार केला नाही. भाऊ चुकत नाहीत, म्हणजे चूक माझी. माझं खोडलं, त्यांचं लिहिलं, आणि तिथून पुढची सगळी घरं, एकशे शेहेचाळिसाव्या घरातल्या शून्यापर्यंत, उतरवून काढली. मग आठवडाभर त्यांच्या पाठीला पाठ लावून खोटं खोटं पुटपुटत बसलो. आणि म्हणालो, "थांबलो."

आम्ही वळलो. भाऊंनी दोन्ही वह्या डोळ्यांशी धरून एकेक घर लावलं. शेवटचं शून्य लागलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वहिनींना हाक मारली, "अगो, चार झाल्या! लागोपाठ चार!" वहिनींनी गूळ आणून दोघांच्या हातावर ठेवला. तो गूळ मी मुठीत धरून ठेवला होता. वितळून बोटं चिकट झाली.

दुसऱ्या सकाळी त्यांनी प्राध्यापकांना पत्र लिहिलं आणि पेटीत टाकायला मला दिलं. नाक्यापर्यंत जाताना मी ते वाचलं. अजून चिकटवलेलं नव्हतं. चारी संख्या, त्यांची घरं, आणि खाली सुवाच्य अक्षरात, "दोन स्वतंत्र वह्यांनी पडताळलेले."

पेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. मग परत आलो. भाऊ ओट्यावर होते.

"पेटी भरली काय रे?"

"भाऊ," मी म्हणालो, "वह्या दोन न्हाईत. एकच हाय."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग एकच विचारलं.

"एकोननव्वदाव्यात तुजं काय आलं होतं?"

"खोडलं भाऊ. ध्यानात न्हाई."

तेव्हा त्यांचा चेहरा पडला. उतरवलं ऐकून नव्हता पडला, खोडलं ऐकून पडला.

"खोडायचं नाय रे," ते म्हणाले. "चुकलेलं पन मोजलेलंच असतं. कदाचित माजंच चुकलं असंल. आता कसं कळायचं?"

मी म्हणालो, "यादी मागवा भाऊ. यंत्राची."

"यादीत असंल. यादी मागवून बांध ठरत नाय."

त्यांनी पत्र घेतलं, घडी केली, आणि मोजणीच्या नोंदवहीत तीनशे अकरापुढं एकच शब्द लिहिला: एकतर्फी. शेतावर येतीची मोजणी राहिली की हाच शब्द लिहितात.

काम गेलं, असं धरूनच मी वळकटी बांधली. आठ दिवसांनी भाऊ कचेरीतून आले आणि माझ्या हातात कायम नोकरीचा हुकूम ठेवला. नेमणूक सावंतवाडीकडं.

"ते त्याचं, हे ह्याचं," भाऊ म्हणाले. "साखळी तू सरळ धरतोस. तसं लिवलं होतं. त्यात खोटं नाय."

निघताना वहिनींनी कोरी वही दिली. नवी शिवलेली. ती भाऊंनी द्यायला सांगितली होती का वहिनींनी आपणच दिली, ते मी विचारलं नाही.

सावंतवाडीत मी घरापासून आणखी लांब गेलो. खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचो. भिंत गार असते. पहिल्या घरापासून सुरू केलं. दोन पावसाळे लागले. तिथं कुणाची वही नव्हती, कुणी वाट पाहत नव्हतं, आणि चुकलेला आकडा दिसला की मी खोडत नव्हतो. त्याच्याभोवती चौकट करून बाजूला बरोबर लिहीत होतो. एकोणनव्वदावं घर मी काढलं आणि ते बरोबर की चूक हे मला कळायला मार्ग नव्हता. तसाच पुढं गेलो.

वही घेऊन पोलादपूरला आलो तेव्हा भाऊंचं मधलं शेतही गेलं होतं. नोकरी सुटलेली. ओट्यावर बसले होते, चेहरा रस्त्याकडं.

"रंगा," माझं पाऊल वाजताच ते म्हणाले. "थांबलास?"

"थांबलो भाऊ."

"बस मग."

मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलो. त्यांची पाठ हाडाला लागली होती. वहिनी त्यांची वही घेऊन समोर बसल्या. त्यांना अक्षर लावत लावत वाचता यायचं, आकडे बरे यायचे. घराचा क्रमांक मी बोलायचो आणि माझा आकडा. मग वहिनी भाऊंच्या वहीतला. भाऊ मान हलवायचे, ते मला पाठीत कळायचं. ऐंशीच्या पुढं मी आकडे सावकाश बोलू लागलो. एकोणनव्वदावं घर आलं. मी आकडा बोललो.

वहिनी थांबल्या. वही उजेडाकडं नेली.

"त्योच," त्या म्हणाल्या.

पाठीमागं भाऊंनी सोडलेला श्वास मला माझ्या पाठीत लागला. पुढची घरं कशी गेली आठवत नाही. एकशे शेहेचाळिसाव्या घरात मी म्हणालो, "शून्य," आणि वहिनी म्हणाल्या, "हिथं पन पूज्यच हाय."

भाऊंनी नोंदवही मागितली. मला वाटलं, तो शब्द खोडायला सांगतील. त्यांनी बोटांनी पान चाचपलं आणि म्हणाले, "खोडू नको. त्याच्या खाली लिव. उलट मोजनी रंगनाथ यांनी केली. जुळली."

मी लिहिलं.

"आता तीनशे तेरा," भाऊ म्हणाले. "ती पन नाठाळ निघाली तर पाच. बघ जमलं तर. घाई नाय."

तीनशे तेरा मी केली. एकशे पंचावन्न घरं, एकातही शून्य नाही. ओळ चारावरच थांबते. पण ती पुरी झाली तेव्हा भाऊ गेल्याचं वहिनींचं पोस्टकार्ड येऊन गेलेलं होतं, आणि ताडून पाहायला दुसरी वही नव्हती. माझ्या नोंदवहीत तीनशे तेरापुढं लिहिलेलं आहे: सरळ. एकतर्फी. यादी आता कुठंही मिळते म्हणतात. मी पाहिलेली नाही.

वह्या जुळल्या त्या दिवशी भाऊ मला नाक्यापर्यंत सोडायला आले होते. काठी टेकत, ओठ हलवत. मी सोबत चालत असताना बोललो नाही; ते पावलं मोजत होते हे मला माहीत होतं. एस.टी. आली, मी खिडकीशी बसलो. भाऊ परत फिरले. जातीची मोजणी झाली होती, आता येतीची. वीस-पंचवीस पावलं गेले असतील, तेवढ्यात मला राहवलं नाही आणि मी खिडकीतून ओरडलो, "भाऊ, येतो!"

त्यांनी काठी वर केली. मग तसेच उभे राहिले. आकडा चुकला होता.

गाडी हलली तेव्हा ते वळले होते आणि नाक्याच्या दगडाकडं परत येत होते, पहिल्या पावलापासून मोजायला.